तात्यांच्या दुकानाची मागची खिडकी

जमलेल्या मंडळींनो, माझ्या आयाबहिणींनो, आणि अध्यक्ष नानासाहेब,

मला बोलायला कुणी सांगितलेलं नाही. मी आपली मागे बायांच्यात बसले होते. सभेत बोलायची मला सवय नाही. मी इंदिरा, गणपत सावंतांची बायको. कोपऱ्यावरच्या माझ्या खानावळीत तुमच्यातले निम्मे जेवून गेलेत, तेव्हा जास्त ओळख नको. विठूतात्या गेले. परवा तेरावं झालं. आज आपण त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच दुकानासमोर सतरंज्या टाकून बसलोय. खरं तर मी रडायलाच आले होते. पण आत्ता जे ऐकलं, त्यानंतर मला रडू येईना, रागच आला.

काय ऐकलं? तिघे जण बोलले. कष्टाळू म्हणाले, मनमिळाऊ म्हणाले, देवभोळे म्हणाले. ठीक आहे. मग नानासाहेबांनी चष्मा लावून दुखवट्याचा ठराव वाचला. त्यात काय लिहिलंय? 'आपल्या वाडीतील जुने रहिवासी व नीरा विक्रेते.'

नीरा विक्रेते!

नानासाहेब, तात्यांनी नीरा विकली ती एक हिवाळाभर. दारूबंदी झाल्यावर, पोटासाठी. पहाटे झाडावरून उतरवायची आणि ऊन चढायच्या आत संपवायची. ऊन चढलं की नीरा आपणहून आंबते, तिची ताडी होते, हे झाडाला कुणी सांगावं? कायद्यात बसेना म्हणून तात्यांनी तीही सोडून दिली. त्या एका हिवाळ्यावरून तुम्ही त्या माणसाचं नाव ठेवलंत. आणि त्याआधीचा सगळा जन्म कुठे गेला? तात्यांचे वडील झाडावर चढायचे. आजे कोकणात झाडावर चढायचे. विठूतात्या ताडी विकायचे. ताडी! सरकारच्या परवान्याने, दिवसाढवळ्या, उघड्या दाराने ताडी विकायचे. बघा, म्हटला मी शब्द. काही आभाळ कोसळलं नाही.

मला खाली बसवू नका हो कुणी. बोलू द्या.

मी दारूची बाजू घ्यायला उभी नाही. माझा बाप पिऊन पिऊन गेला. आईने काय भोगलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. ताडी म्हणजे तीर्थ, असं मी म्हणत नाही. पण जे होतं ते होतं, आणि कसं होतं ते सांगितलंच पाहिजे. इथे नवी पोरं बसलीत, नव्या सोसायटीतली मंडळी आलीत, त्यांना वाटत असेल की या कुडाच्या खोपटात काय मोठं होतं.

आज दार उघडं आहे म्हणून सगळ्यांना दिसतंय. आत बघा. समोरच्या भिंतीला ती लांब फळी दिसते का? फळीवर करवंट्या आहेत, नारळाच्या. घासून घासून आरशासारख्या केलेल्या. आता धूळ बसलीय. इथे येणाऱ्या प्रत्येक गड्याची आपली करवंटी असायची. तात्या स्वतः घासून द्यायचे आणि तिच्यावर खूण कोरायचे. आमचे हे कारखान्यात फिटर, म्हणून ह्यांच्या करवंटीवर पाना. भिवा टांगेवाल्याच्या करवंटीवर घोडा. तात्यांनी घोडा काढला होता खरा, पण तो सगळ्यांना कुत्राच दिसायचा. भिवा म्हणायचा, तात्या, ह्या कुत्र्याला टांगा ओढवत नाही रे! असं रोजचं हसणंखिदळणं.

आणि फळीच्या वर ती खिडकी बघा. बुटकी, बिनगजाची. आता तुम्ही सांगा, ताडीच्या दुकानाला मागच्या भिंतीत, फळीच्या बरोबर वर खिडकी कशाला? वारा यायला? वारा काय, कुडातून हवा तेवढा यायचा. ती खिडकी तात्यांनी आमच्यासाठी पाडली होती. बायांसाठी.

माझं लग्न होऊन मी या वाडीत आले, तेव्हा तात्यांच्या बायकोने, राधाकाकूंनी, मला पहिल्याच आठवड्यात ती खिडकी दाखवली. म्हणाल्या, "गो इंदू, घोवान घरात तमाशा केल्यान, पोरांच्या तोंडचा काढल्यान, हात उचलल्यान, तर भांडत बसा नको. हयसून हात घाल आणि त्येची करवंटी पालथी कर. बस्स." एवढंच. बाईने ओरडायचं नाही, दुकानात पाऊल टाकायचं नाही, कारण सांगायचं नाही. बाहेरून हात घालायचा, आपल्या माणसाची करवंटी पालथी घालायची आणि घरी जायचं. पालथ्या करवंटीत तात्या ताडी ओतायचे नाहीत. दुसऱ्याच्या करवंटीतून द्यायचे नाहीत. मग तो गिऱ्हाईक असो, मित्र असो, नाहीतर वाडीचा दादा असो. आणि ती करवंटी सुलटी करायची कुणी? जिने पालथी केली तिनेच. बायको नाहीतर आई. गडी हातापाया पडायचे, तात्या, तूच कर ना रे सुलटी, ती काय बघायला येते? तात्यांचं एकच उत्तर, "त्या फळयेक माझो हात लागूचो नाय."

नानासाहेब, तुमच्या कायद्यात आहे का अशी खिडकी?

मी स्वतः हात घातलाय त्या खिडकीतून. आमचे हे तिकडे खांबाला टेकून बसलेत. त्यांच्यासमोर सांगते, आणि त्यांना विचारून सांगते. ह्यांनी एकदा माझ्यावर हात उचलला. शिमग्याचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, हात घातला, पाना चाचपून बघितला आणि पालथी केली. अक्षय्यतृतीया आली तरी मी ती सुलटी केली नाही. आणि ह्यांनी काय केलं? दुकान सोडलं का? नाही. रोज कामावरून यायचे, आपल्या जागेवर बसायचे. तात्या त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या आणि उकडलेल्या चण्यांची पानावरची रास ठेवायचे. प्यायला मिळत नाही म्हणून बसायला मिळायचं नाही, असं नव्हतं. सगळ्यांना दिसायचं की ह्यांची करवंटी पालथी आहे. सगळ्यांना कळायचं की घरी काहीतरी चुकलंय. कुणी हसायचं नाही, कुणी विचारायचं नाही. पत्ते खेळताना डाव वाटायचे, गप्पा मारायचे. पण पाणी पीत बसलेला गडी रोज संध्याकाळी आपल्या करवंटीची पाठ बघायचा. ह्यांनी परत कधी हात उचलला नाही. विचारा त्यांना. मान हलवताहेत बघा.

आता हसताय. हसा. तात्यांनाही आवडलं असतं. मग ती संक्रांतीची गोष्टही सांगते. आत बसलेल्या गड्यांना खिडकीत आमचा फक्त हात दिसायचा. कोपरापर्यंत. चेहरा नाहीच. त्यामुळे ते हात ओळखायचे बांगड्यांवरून. एका संक्रांतीला कासार आला आणि आम्ही सगळ्याजणींनी हौसेने सारख्याच हिरव्या बांगड्या भरल्या. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी खिडकीतून हिरव्या बांगड्यांचा हात आत आला. तात्या सांगायचे, असे पाचसहा गडी तोंडाला लावलेल्या करवंट्या खाली ठेवून श्वास धरून बसले. कुणाची बायको, कळेना. आणि तो हात निघाला राधाकाकूंचा. चण्यांचं पातेलं आत सरकवत होत्या बिचाऱ्या.

असं होतं ते दुकान. ज्याला तुम्ही मंडळाच्या सभेत 'वाडीवरचा डाग' म्हणालात, ते. कुणाचं मूल तापाने फणफणलं की पहिला माणूस इथे धावत यायचा, कारण इथे चार खांदे मिळायचे आणि भिवाचा टांगा बाहेरच उभा असायचा. ख्रिस्ती पाड्यावरचा इनास आणि आमचे हे एकाच बाकड्यावर बसायचे. कुणाला कामावरून काढलं, कुणाकडे लग्न निघालं, कुणाची भिंत खचली, सगळं इथे कळायचं, आणि नुसतं कळायचं नाही, दुसऱ्या दिवशी माणसं कामाला लागायची. दिवेलागण झाली की तात्या फडका खांद्यावर टाकून म्हणायचे, "चला, घराकडे दिवो लागलो." मग एकही जण बसून राहायचा नाही. घरी यायचा तो आपल्या पायांनी चालत यायचा.

मग दारूबंदी आली.

आठवतंय ना तो दिवस? मिरवणूक निघाली होती. लेझीम होतं. नानासाहेब, तुम्ही फेटा बांधला होता. आम्हा बायांना पुढे उभं केलंत, ओवाळायला ताटं हातात दिलीत आणि म्हणालात, भगिनींनो, आज तुमच्या संसाराची बेडी तुटली. तुमचा हेतू चांगला होता. नाही म्हणत नाही मी. या वाडीत नळ आणलात तो तुम्हीच. पण मला एक सांगा. आमचा संसार, आमचे नवरे, आमच्या पाठीवरचे वळ. दुकान बंद करायच्या आधी आमच्यातल्या एकीला तरी विचारलंत का? एकीला? राधाकाकूंना? मला? भिवाच्या शेवंतीला? कुणाला विचारलंत? तुम्ही आत येऊन ती खिडकी कशासाठी आहे एवढंसुद्धा विचारलं नाहीत. आमच्या हातात जे होतं ते काढून घेतलंत आणि त्याच हातात पेढा ठेवलात.

तात्या त्या दिवशी कुणाशी भांडले नाहीत. दुकानातली मडकी उचलून त्यांनी झाडांच्या बुंध्याशी रिती केली. मग राधाकाकूंना हाक मारली. तात्यांची स्वतःची करवंटी फळीवर पहिली, तिच्यावर कोयती कोरलेली. तोवर काकूंनी तिला कधी हात लावला नव्हता, तशी वेळच आली नव्हती. तात्या म्हणाले, "सरकारान नाय म्हटल्यान मा? मग माझी पालथी कर." काकू मागे गेल्या आणि खिडकीतून हात घालून त्यांनी ती पालथी केली. स्वतःच्या घरच्या दुकानात, पण रीतीप्रमाणे बाहेरूनच. त्या दिवसापासून तात्यांच्या तोंडाला थेंब लागला नाही. माझ्या माहितीत सगळ्या वाडीत दारूबंदी पाळली ती एकट्या तात्यांनी. हसू नका आता. बाकीच्यांचं मला माहीत आहे, मी खानावळ चालवते.

कारण भट्ट्या लागल्या. इकडे रान सुरू होतं तिथे, ओढ्याच्या वरच्या अंगाला. मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून दारू खाली यायला लागली. काय घालत होते तिच्यात देव जाणे. नवसागर म्हणा, कुजका गूळ म्हणा, आणखी काय काय. तिथे ना फळी, ना खुणा, ना दिवेलागण, ना चणे. भट्टीवाल्याला कुणाची बायको कोण, काय पडलंय? तिथे कुठल्या खिडकीतून हात घालू आम्ही?

भिवा तिथे जायला लागला. तोच आपला टांगेवाला. ताडी पिणारा भिवा गाणी म्हणायचा. भट्टीची पिणारा भिवा घोड्याला मारायला लागला, मग पोरांना, मग शेवंतीला. शेवंती, बाय माझी, तुझी परवानगी घेतलीय मी, सांगते ना? शेवंतीला काय करावं सुचेना. एका संध्याकाळी ती इथे आली. दुकान बंद. दाराला कुलूप. ती मागे गेली, खिडकीची फळकुटं सरकवली, आत हात घातला, धुळीत चाचपडून तो कुत्र्यासारखा घोडा शोधला आणि करवंटी पालथी केली. बंद दुकानात! जिथे वर्षभर ताडीचा थेंब सांडला नव्हता, तिथे! तुम्ही म्हणाल खुळी आहे. मीही म्हटलं असतं. पण दुसरं काय होतं तिच्या हातात?

तात्या ओटीवर बसले होते. त्यांनी तिला बघितलं. ती गेल्यावर ते उठले, खिडकीत वाकून बघितलं. काकू म्हणाल्या, आता काय तेचा? दुकान तर बंद आसा. तात्या म्हणाले, "दुकान बंद आसा, पण करवंटी पालथी केल्यान ना तिना?" पायात वहाणा घातल्या, काठी घेतली आणि तो म्हातारा माणूस रानात भट्टीवर गेला.

ऐकताय ना? भट्टीवर गेला. तिथे जाऊन उभा राहिला आणि भिवाकडे बोट करून त्या गुंडांना म्हणाला, "ह्येची करवंटी पालथी आसा. ह्येका पाजू नकात."

ते हसले. हसणारच. त्यांना काय कळणार? त्यांनी तात्यांना ढकलून दिलं. तात्या दुसऱ्या दिवशी परत गेले. तेच वाक्य. परत धक्के. तिसऱ्या दिवशी परत. काकूंनी पायावर डोकं ठेवलं, आमच्या ह्यांनी समजावलं, तात्या, वाट लागेल तुमची, ही माणसं बरी नव्हेत, सोडा ना. तात्यांचं म्हणणं एकच. बाईने सांगितलंय. तिने सुलटी केली की मी जायचा थांबेन.

आणि एक दिवस धाड पडली. भट्टीवाले पळाले. त्यांना आधीच खबर होती, कशी होती ते मी इथे बोलत नाही. भिवा पिऊन पडलेला. तात्यांनी त्याला खांद्यावर घेतला होता, घरी आणत होते. भिवा त्यांच्या सदऱ्यावर ओकला होता. पोलिसाने सदऱ्याचा वास घेतला आणि तात्यांना धरलं. भट्टीच्या जागी सापडला, अंगाला दारूचा वास, आणि पूर्वीचा ताडीवाला. झालं. आणखी काय पाहिजे?

आम्ही सात-आठ जणी चौकीवर गेलो. आम्हाला कोण उभं करतं? साहेब म्हणाला, कुणी प्रतिष्ठित माणूस आणा, तो सांगू दे. मग आम्ही तुमच्या दारात आलो, नानासाहेब. मान वर करा, मी भांडत नाही. तुम्ही पायरीवर उभे होता. आम्ही सांगितलं, या माणसाने मिरवणुकीच्या दिवसापासून घेतलेली नाही, तुम्ही फक्त एवढं येऊन सांगा. तुम्ही म्हणालात, "कायद्याच्या कामात मी पडत नाही." कायदा आणायच्या कामात पडला होतात ना? फेटा बांधून पडला होतात!

घंटी वाजवू नका. वाजवा, पाहिजे तर वाजवा. मी थांबणार नाही.

कोर्टात वकिलाने तात्यांना शिकवून ठेवलं होतं. म्हण, रानात लाकडं आणायला गेलो, वाट चुकलो. सुटशील. साहेबाने विचारलं, तू तिथे काय करत होतास? तात्या हात जोडून म्हणाले, "करवंटी पालथी होती, साहेब."

सगळं कोर्ट हसलं. मी तिथे होते. तो पट्टेवाला हसला, तो कारकून हसला. साहेबाने डोक्यावर परिणाम झालाय का असं विचारलं. आणि तात्यांना कळेचना की लोक का हसताहेत. माझ्याकडे बघत होते, की इंदू, ह्यांना सांग ना काहीतरी. मी कुणाला सांगू? ज्या खिडकीने आमच्या वाडीतले संसार धरून ठेवले होते, ती खिडकी कोर्टात कशी दाखवायची? तात्या तुरुंगात गेले. दारूबंदी पाळणारा एकटा माणूस, तो दारूबंदीच्या गुन्ह्यात आत गेला.

ते सुटून आले तेव्हा भिवा उरला नव्हता. त्या भट्टीनेच नेला. आंधळा होऊन गेला. मला या सभेत कुणीही उठून सांगावं, तात्यांच्या दुकानातलं पिऊन या वाडीतला एक तरी माणूस आंधळा झाला? एक तरी मेला? बोला ना.

आणि तुरुंगातून आलेल्या तात्यांचं आपण काय केलं? नानासाहेबांना एकट्याला बोलून उपयोग नाही. सत्यनारायणाला त्यांना बोलावणं जाईना. पोरांना सांगितलं जायचं, त्या ओटीवर जाऊ नका. याच दुकानात बसून ज्यांनी आपली दुःखं हलकी केली, ते रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले. तात्या रोज सकाळी आत जाऊन फडक्याने फळी पुसायचे, करवंट्या न हलवता पुसायचे. मग खोकला लागला, हात थरथरायला लागले आणि पुसणं बंद झालं. ती आत दिसते ती धूळ तेव्हाची आहे.

आता मी का उठले ते सांगते. ही जागा मालकाने मंडळाला दिली. इथे वाचनालय होणार. होऊ दे. पोरं शिकतील, चांगलंच आहे. पण सकाळी मंडळाचे दोघे काकूंकडे येऊन सांगून गेले की उद्या फळी काढू, खिडकी लिंपून टाकू, आणि करवंट्या बंबात घाला, जळणाला होतील. वाचनालयात ताडीच्या करवंट्या बऱ्या दिसत नाहीत म्हणे. काकूंनी मान डोलावली. काकूंनी जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही. म्हणून मी म्हणते. नाही!

त्या करवंट्यांना हात लावायचा नाही. ज्यांच्या आहेत त्यांच्या घरच्या बायकाच त्या हलवतील, तशी इथली रीत आहे. भिवाची पालथी आहे ती पालथीच राहील. शेवंतीने ती सुलटी केली नाही, आणि आता करायची कुणासाठी? ती फळी राहू दे. पोरं विचारतील, आजी, हे काय? तेव्हा कुणीतरी खरं सांगेल. आणि नानासाहेब, तो ठराव पुन्हा लिहा. 'नीरा विक्रेते' खोडा. 'ताडीचे दुकानदार' लिहा. लिहायला हात जात नसेल तर माझ्याकडे द्या, चौथीपर्यंत शिकलेय मी.

नका देऊ? बरं. नानासाहेब स्वतःच खोडताहेत. बघा सगळ्यांनी. एवढं मी तुमचं ऋण मानेन.

आता माझं एकच काम राहिलं. फळीवरची पहिली करवंटी, कोयतीच्या खुणेची, त्या दिवसापासून पालथी आहे. तात्यांनी ती पाळली. अगदी शेवटी घशाला कोरड पडली तेव्हा आमचे हे कुठूनतरी मिळवून थोडी ताडी घेऊन आले होते. म्हातारा जाणार हे दिसत होतं, एक घोट घेतला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? तात्यांनी तोंड फिरवलं. फळीकडे बोट केलं आणि पाणी मागितलं. ते पाणी मी पाजलंय. आता त्यांना कुठला कायदा आणि कुठली बंदी? पण जिने पालथी केली तिच्याशिवाय ती कुणी सुलटी करायची नाही. मी नाही, नानासाहेब नाहीत, मंडळ तर नाहीच.

राधाकाकू, उठा. शेवंती, त्यांना हात दे. मागून घेऊन जा, रीतीप्रमाणे बाहेरूनच.

मंडळींनो, सगळे उभे राहा. दोन मिनिटं वगैरे मोजू नका. काकू परत येऊन ओटीवर बसेपर्यंत उभे राहा. कुणी बोलू नका. समोर त्या खिडकीकडे बघा. तात्यांच्या दुकानात बसून तुम्ही गड्यांनी तिथला हात नेहमी बांगड्यांवरून ओळखलात. आज जो हात आत येईल, त्यात बांगड्या नसतील. तरी ओळखा.